प्रसिद्ध चेहरा आणि बनावट ग्वाही

तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८–१८३२) आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांचे एक जुने चित्र २००६ साली अमेरिकेतील सेलम येथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयाने ३५,००० डॉलरला विकत घेतले. न्यूयॉर्कचे कलाव्यापारी सुभाष कपूर हे विक्रेते होते. चित्र अस्सल होते; त्याच्या पूर्वमालकीची ग्वाही देणारी कागदपत्रे मात्र बनावट निघाली. २०१५ साली संग्रहालयाने ते चित्र अमेरिकी सरकारच्या स्वाधीन केले.

संगणकयुगात याच लबाडीने निराळे रूप धारण केले आहे. आता प्रसिद्ध चेहराच खोटी ग्वाही देऊ लागतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका खेळाच्या ॲपची शिफारस करीत असल्याची चित्रफीत इंटरनेटवर पसरली. ती बनावट असल्याचे त्यांनी स्वतःच १५ जानेवारीस जाहीर केले. नामवंतांची भाषणे व मुलाखती विपुल उपलब्ध असतात. त्यांवरून यंत्र त्यांच्या आवाजाची आणि ओठांच्या हालचालींची नक्कल शिकते. अशा रीतीने कीर्ती हेच चोराचे भांडवल ठरते. नामवंताच्या नावाला बट्टा लागतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचा पैसा बुडतो.

दोन्ही प्रसंगांचा बोध एकच आहे. विकणाऱ्याने पुढे केलेली ग्वाही विकणाऱ्याकडूनच पडताळता येत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी त्या व्यक्तीचे अधिकृत निवेदन स्वतः शोधून पाहावे. चेहरा ओळखीचा असला, तरी तो पाठविणारा अनोळखी असू शकतो.