ओकपक्व फ्लेमिश बिअर

ओकपक्व फ्लेमिश बिअर : ओक लाकडाच्या मोठ्या पिंपांत एक ते दोन वर्षे मुरविलेली, तांबूस-तपकिरी रंगाची व आंबटसर चवीची बिअर. बेल्जियममधील वेस्ट फ्लँडर्स हा प्रांत तिचे मूळ क्षेत्र असून रूसेलारे येथील रोडेनबाख व विख्टे येथील व्हरहागे या कारखान्यांची उत्पादने विशेष प्रसिद्ध आहेत. पूर्वेकडील औडेनार्डेच्या परिसरात ‘औट ब्राउन’ (जुनी तपकिरी) या नावाची जवळची बिअर होते. परंतु ती सामान्यतः धातूच्या टाक्यांत मुरवितात. त्यामुळे तिच्यात भाजलेल्या माल्टचा गोडवा अधिक आणि लाकडाचा तुरटपणा व शिरक्याची छटा कमी असते.

साध्या बिअरच्या बाबतीत धान्य, तापमान व यीस्टचा वाण हे ठरले की परिणाम बऱ्याच अंशी ठरतो. ओकपक्व बिअरचे तसे नाही. एकाच दिवशी, एकाच घाण्यातून भरलेली दोन पिंपे दोन वर्षांनंतर भिन्न चवीची निघतात. यामुळे आस्वाद घेणे ही येथे केवळ पिणाऱ्याची बाब नसून निर्मितीचीच एक पायरी आहे. कोणते पिंप काढावे, कोणते ठेवावे व कोणते टाकून द्यावे, हे मुख्यतः जीभ व नाक यांच्या साहाय्याने ठरविले जाते.

इतिहास : लाकडी पिंपे ही एके काळी बिअरची नेहमीची भांडी होती. शीतकरणाची साधने नसल्याने हिवाळ्यात केलेली बिअर उन्हाळाभर टिकवावी लागे आणि या मुदतीत ती कमीअधिक आंबट होई. जुनी आंबट व ताजी गोडसर बिअर एकत्र करून विकण्याची रीत त्यातूनच पडली. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात पोर्टर ही काळसर बिअर प्रचंड लाकडी टाक्यांत मुरवीत असत. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये अशी एक टाकी फुटून आलेल्या लोंढ्यात ८ जण मृत्युमुखी पडले. यावरून या टाक्यांच्या आकारमानाची कल्पना येते.

रूसेलारे येथील कारखाना रोडेनबाख घराण्यातील चार भावांनी १८२१ मध्ये घेतला. त्यांपैकी आलेक्सांडर रोडेनबाख (१७८६–१८६९) हे अंध असूनही बेल्जियमच्या राष्ट्रीय काँग्रेसचे सदस्य झाले. पुढील पिढीतील यूजीन रोडेनबाख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जाऊन पोर्टर मुरविण्याची व मिसळण्याची पद्धत अभ्यासली आणि ती येथे रुजविली, अशी कारखान्याची परंपरा सांगते.

याच काळात विज्ञानाचा ओघ मात्र उलट दिशेने वाहत होता. लूई पाश्चर यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बिअर आंबट होणे हा सूक्ष्मजीवांमुळे होणारा तिचा रोग मानला. एमिल क्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत यीस्टचा शुद्ध वाण वेगळा करून वापरात आणला. यामुळे बिअर निर्दोष व एकसारखी होऊ लागली; पण मुरलेल्या बिअरचा जुना स्वाद तिच्यात येईना. त्याचे कारण कार्ल्सबर्ग कारखान्यातीलच नील्स येल्टे क्लाउसन यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले. इंग्लंडमधील मुरलेल्या बिअरचा खास गंध एका निराळ्याच, सावकाश वाढणाऱ्या यीस्टमुळे येतो, असे त्यांना आढळले. त्याला त्यांनी ब्रेटॅनोमायसीज (ब्रिटिश कवक) असे नाव दिले. ज्याला रोग म्हटले गेले त्यातच स्वादाचे मूळ होते, हे यावरून स्पष्ट झाले.

निर्मिती : फिकट माल्टबरोबर व्हिएन्ना व कॅरॅमल या प्रकारांचे भाजलेले माल्ट वापरतात, बिअरला तांबूस रंग प्रामुख्याने त्यांच्यामुळे येतो. काही ठिकाणी मक्याचा भरडाही घालतात. हॉपचे प्रमाण कमी ठेवतात, कारण हॉपमधील कडू द्रव्ये लॅक्टिक अम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंची वाढ रोखतात. पहिले किण्वन (आंबविण्याची क्रिया) नेहमीच्या यीस्टने सु. एक आठवड्यात आटोपते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत लॅक्टिक जंतूंचे कार्य सुरू होते. मग बिअर ‘फूडर’ या उभ्या ओक पिंपांत भरतात व तेथे ती दोन वर्षांपर्यंत राहते. या अवधीत पेडिओकॉकस व लॅक्टोबॅसिलस हे जंतू लॅक्टिक अम्ल तयार करतात. नेहमीच्या यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिने ब्रेटॅनोमायसीज हळूहळू संपविते आणि हवेचा अंश मिळाल्यास ॲसिटोबॅक्टर जंतू अल्कोहॉलापासून ॲसिटिक अम्ल (शिरक्यातील अम्ल) बनवितात. साध्या बिअरचे पीएच मूल्य ४ ते ४.५ असते, ओकपक्व बिअरचे ते ३.२ ते ३.५ पर्यंत उतरते [⟶ किण्वन].

ओकचे कार्य : जुने पिंप बिअरला लाकडाचा स्वाद फारसा देत नाही, तो पहिल्या काही भरणांतच निघून गेलेला असतो. त्याची खरी कामे दोन. एक, लाकडाच्या सूक्ष्म रंध्रांत यीस्ट व जंतू वस्ती करून राहतात आणि प्रत्येक नव्या भरणाला विरजणाप्रमाणे उपयोगी पडतात. दोन, फळ्यांतून व सांध्यांतून ऑक्सिजन अत्यल्प प्रमाणात आत झिरपतो. तो अगदीच मिळाला नाही, तर बिअर एकसुरी राहते. जास्त मिळाला, तर तिचा शिरका होतो. म्हणून पिंपाच्या आकारमानाला महत्त्व आहे. द्राक्षमद्याचे नेहमीचे पिंप २२५ लि.चे असते. त्याच घडणीच्या २०,००० लि.च्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग सु. साडेचार पटींनी कमी पडतो आणि हवेचा शिरकाव त्या मानाने मंदावतो. रोडेनबाख कारखान्यात असे २९४ फूडर असून त्यांतील काही शंभरहून अधिक वर्षांचे आहेत.

नव्या किंवा आतून जाळलेल्या ओकचा परिणाम निराळा असतो. लाकूड तापविल्याने त्यातील लिग्निनापासून व्हॅनिलीन तयार होते व व्हॅनिलाचा वास येतो. ओकमधील लॅक्टोनांमुळे खोबऱ्याची, यूजेनॉलामुळे लवंगेची आणि ग्वायाकॉलामुळे धुराची छटा येते. लॅक्टोनांचे प्रमाण अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये यूरोपीय ओकपेक्षा सामान्यतः अधिक असते.

आस्वाद : ही बिअर ८° ते १२° से. तापमानास, वर किंचित निमुळत्या होणाऱ्या काचेच्या पेल्यात देतात. अतिथंड असल्यास गंधद्रव्ये दबून राहतात व आंबटपणाच तेवढा पुढे येतो. परीक्षण सामान्यतः रूप, गंध, चव, मुखस्पर्श व मागे रेंगाळणारी चव या क्रमाने करतात.

रंग गडद तांबड्यापासून जांभळट तपकिरीपर्यंत असतो. प्रकाशासमोर धरल्यास कडेला माणकासारखी झाक दिसते. गंधात प्रथम पिकलेली चेरी, आलुबुखार व मनुका यांची आठवण होते. ही फळे बिअरमध्ये घातलेली नसतात. यीस्टने बनविलेली एस्टरे व भाजलेले माल्ट यांच्या संयोगाने तो भास होतो. त्यामागून शिरक्याची बारीक तिखट छटा व जुन्या लाकडाचा वास येतो. ब्रेटॅनोमायसीजने निर्मिलेल्या ४-एथिल फिनॉलामुळे चामडे किंवा तबेला यांची आठवण करून देणारा गंधही असतो. तो मंद असेल तरच सुखावह ठरतो.

चवीत आंबट व गोड यांचा तोल मुख्य होय. लॅक्टिक अम्लाचा आंबटपणा ताकासारखा मऊ व गोलसर, तर ॲसिटिक अम्लाचा टोकदार असून तो नाकातही जाणवतो. चांगल्या बिअरमध्ये पहिला पायाभूत असतो व दुसरा केवळ धार आणतो. गोडवा काकवीच्या वळणाचा, पण हलका असतो. हॉपचा कडवटपणा जवळजवळ नसतो. त्याचे काम टॅनिनांचा तुरटपणा करतो. तुरटपणा ही वस्तुतः चव नसून स्पर्शसंवेदना आहे. टॅनिने लाळेतील प्रथिनांशी बद्ध होतात, लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि कच्चे जांभूळ खाल्ल्यावर वाटते तसा कोरडेपणा तोंडात येतो. घोट संपताना आंबटपणा ओसरून हा कोरडेपणा मागे राहिला, तर बिअर नीट मुरली असे मानतात.

दोष : गुण व दोष यांतील अंतर येथे बहुधा प्रमाणाचे असते. एथिल ॲसिटेट अल्प असल्यास फळासारखा वास येतो, वाढल्यास नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखा. पेडिओकॉकसामुळे बिअर काही काळ तेलकट व तार धरणारी होते, तसेच डायॲसिटिलामुळे तिला लोण्याचा वास येतो. परंतु पुढे ब्रेटॅनोमायसीज हे दोन्ही दोष नाहीसे करते. म्हणून अशा अवस्थेतील पिंप ओतून न देता वाट पाहणे इष्ट ठरते. शिरका झालेले पिंप मात्र पूर्ववत होत नाही. उंदराच्या वासाचा दोष सर्वांत फसवा आहे. त्याला कारणीभूत असलेली टेट्राहायड्रोपिरिडिने आम्लधर्मी बिअरमध्ये बाष्परूप होत नसल्याने हुंगून काहीच कळत नाही. घोट गिळल्यावर लाळेने अम्लता घटली की तो वास प्रकट होतो. काही व्यक्तींना तो मुळीच जाणवत नाही. त्यामुळे परीक्षण एकाच माणसावर न सोपविणे श्रेयस्कर असते.

मिश्रण : एकट्या पिंपातील बिअर सहसा अतिशय आंबट व वायुहीन असते. तिच्यात ताजी बिअर मिसळून गोडवा व तोल साधतात. रोडेनबाखच्या नेहमीच्या बिअरमध्ये सु. तीन चतुर्थांश ताजी व एक चतुर्थांश मुरलेली बिअर असते. ‘ग्राँ क्रू’ या प्रकारात मुरलेल्या बिअरचे प्रमाण दोन तृतीयांश असते, तर ‘व्हिंटेज’ हा निवडलेल्या एकाच फूडरमधून काढतात. अल्कोहॉलाचे प्रमाण यांत अनुक्रमे ५.२, ६ व ७ टक्के असते. व्हरहागे कारखान्याची ‘ड्यूशेस द बूर्गोन्य’ (६.२ टक्के) ८ व १८ महिने मुरलेल्या बिअरांच्या मिश्रणाने करतात, बर्गंडीची सरदारीण मेरी (१४५७–८२) हिच्यावरून तिला हे नाव पडले. पीएच मूल्य, अम्लांचे प्रमाण व शर्करा ही उपकरणांनी मोजता येतात. पण समान आकडे असलेली दोन पिंपे चवीला वेगळी लागू शकतात. त्यामुळे मिश्रणाचा अंतिम निर्णय आस्वादानेच होतो. वर्षानुवर्षे तीच चव देणे हे मिश्रकाचे खरे कसब मानले जाते.

प्रसार : रोडेनबाखमध्ये काम केलेले पेटर बूकार्ट हे १९९६ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील न्यू बेल्जियम कारखान्यात गेले. तेथे ओक पिंपांत मुरविलेली ‘ला फोली’ ही तपकिरी आंबट बिअर निघाली व पुढे अनेक अमेरिकी उत्पादकांनी ही पद्धत उचलली. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन व्हिस्कीसाठी नवी, आतून जाळलेली ओकची भांडीच वापरावी लागतात. साहजिकच एकदा वापरलेली पिंपे मुबलक उपलब्ध होतात. त्यांत बेल्जियन धर्तीच्या तीव्र काळसर बिअर मुरविण्याचा वेगळा प्रघात पडला. नेदरलंड्समधील कोनिंग्सहूवन मठाची ओकमध्ये मुरविलेली ‘ला ट्राप क्वाड्रूपेल’ याच वर्गातील होय. या बिअरमध्ये आंबटपणा अपेक्षित नसतो; व्हॅनिला, खोबरे व पूर्वीच्या मद्याचा अंश यांनाच महत्त्व असते. म्हणून ‘ओकमध्ये मुरविलेली’ एवढ्या वर्णनावरून चवीचा अंदाज बांधता येत नाही. पिंप जुने की नवे, लहान की मोठे, हेही पाहावे लागते.

जतन : विसाव्या शतकात पोलादी टाक्या व फिकट लागर बिअर यांच्यापुढे लाकडी पिंपे मागे पडली. बिअर दोन वर्षे अडकून पडणे, काही पिंपे वाया जाणे व ती दुरुस्त करणारे कुशल कारागीर मिळणे, या तिन्ही गोष्टी खर्चाच्या आहेत. शिवाय रिकामे ठेवलेले पिंप वाळते, फळ्या आकसून सांधे उघडतात आणि त्यातील सूक्ष्मजीवांची वसाहत बिघडते. अशी वसाहत अन्यत्र सहजासहजी उभी करता येत नाही. एसेन येथील द डोले या छोट्या कारखान्याला रोडेनबाखकडून यीस्ट मिळत असे. शतकाच्या अखेरीस तो पुरवठा थांबल्यावर त्याच्या ‘ऊरबिअर’ची चव पूर्वीसारखी राहिली नाही. रोडेनबाख कारखाना १९९८ मध्ये पाल्म या बेल्जियन कंपनीकडे गेला. तथापि फूडरांचे दालन चालू राहिले व पिंपांच्या निगेसाठी कारागीर ठेवण्यात आले. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीचा समावेश यूनेस्कोने २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. ओकपक्व बिअरच्या बाबतीत हा वारसा केवळ कृतीचा नाही. भरलेली पिंपे व ती चाखून पारखणारी माणसे या दोहोंवर तो अवलंबून आहे.