ऊन, त्वचा आणि आपण स्त्रिया



"उन्हात खेळू नको, काळी पडशील!" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकींनी लहानपणी ऐकलेलं असतं. आज आपणही ते नकळत आपल्या मुलींना ऐकवतो. मुलांना मात्र हे सहसा कुणी सांगत नाही. या एका वाक्याने दोन प्रकारचं नुकसान होतं. मुलगी मैदानापासून लांब राहते, आणि ऊन म्हणजे फक्त रंगाचा प्रश्न असं तिच्या मनात पक्कं बसतं. मग मोठी झाल्यावर ती त्वचा जपण्याऐवजी रंग उजळवणाऱ्या मलमांच्या मागे लागते. ही मलमं किती महागात पडू शकतात ते पुढे पाहूच. आधी ऊन समजून घेऊ.

उन्हात असतं काय?

आपल्याला दिसणारा प्रकाश आणि जाणवणारी उष्णता यांच्यासोबत उन्हात अतिनील किरणही असतात. ते दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत. त्यांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी किरण त्वचेच्या वरच्या थराला भाजतात. यूव्हीए किरण खोलवर जातात, त्वचेची लवचिकता कमी करतात आणि डाग गडद करतात. खिडकीची साधी काच यूव्हीबी बऱ्याच अंशी अडवते, पण यूव्हीए तिच्यातून आत येतात. म्हणजे रोज खिडकीजवळ बसून वह्या तपासणाऱ्या बाईंनाही ऊन लागतंच!

आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते अतिनील किरण शोषून घेतं आणि पेशींना वाचवतं. सावळा रंग ही निसर्गाने दिलेली छत्रीच आहे. त्यामुळे आपल्याकडे गोऱ्या वंशाच्या लोकांपेक्षा त्वचेचा कर्करोग कमी आढळतो. पण ही छत्री पूर्ण नाही. आपल्या त्वचेला उन्हाचा त्रास झाला की तो बहुधा काळ्या डागांच्या रूपात दिसतो, आणि हे डाग लवकर जात नाहीत.

सावलीचा सोपा नियम

ऊन किती तीव्र आहे हे कसं ओळखायचं? आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तर सूर्य डोक्यावर चढलाय आणि अतिनील किरण जोरात आहेत. सावली लांब असेल तर ऊन सौम्य आहे. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. पुण्यात तर डिसेंबरातसुद्धा भर दुपारी सावली आपल्या उंचीपेक्षा थोडी कमीच भरते. म्हणून थंडीत काळजीची गरज नाही हा समज चुकीचा आहे. ढगाळ दिवशीही बरेच अतिनील किरण ढगांतून खाली येतात.

वांग का येतात?

गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर तपकिरी चट्टे येतात, त्यांना आपण वांग म्हणतो. हा त्रास स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. आनुवंशिकता, गरोदरपणातले संप्रेरकांचे बदल, काही वेळा गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन ही त्याची मुख्य कारणं. यातलं आपल्या हातात असलेलं कारण म्हणजे ऊन. वांगावर उपचार सुरू असतानाही उन्हापासून बचाव केला नाही तर डाग परत येतात.

सनस्क्रीन कसं वापरायचं?

१) एसपीएफ ३० पुरेसं आहे. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी किरण अडवतं. आकडा वाढला तरी फरक थोडाच पडतो, हे लक्षात घ्या.

२) एसपीएफचा आकडा यूव्हीबीपुरता असतो. यूव्हीएसाठी डब्यावर 'पीए' आणि त्यापुढची अधिकची चिन्हं पाहा. चिन्हं जितकी जास्त, तितकं संरक्षण जास्त.

३) चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं घ्या. बहुतेकजणी याच्या निम्मंही लावत नाहीत, मग उपयोग होत नाही.

४) बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटं लावा. मैदानावर किंवा सहलीला असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

सनस्क्रीन परवडत नसेल तर? कापड हा सगळ्यात जुना आणि भरवशाचा उपाय आहे. शेतात काम करणाऱ्या आपल्या मायबहिणी साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल बांधतात. त्यांचं हे शहाणपण विज्ञानाला धरूनच आहे. दुचाकीवर स्कार्फ बांधत असाल तर तो आधी उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर किरणही आत येणार. घट्ट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ चांगला. हातांची मागची बाजू, मान आणि ब्लाऊजमुळे उघडी राहणारी पाठ विसरू नका.

आता तुम्ही म्हणाल, मग ड जीवनसत्त्वाचं काय? ते तयार व्हायला यूव्हीबी लागतात, म्हणून काचेआडच्या उन्हाचा उपयोग नाही. मुलींना घरात कोंडणं हा उपाय नक्कीच नाही. हातपायांवर थोडा वेळ ऊन पडू द्या, चेहरा जपा. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेता येतात.

सगळ्यात मोठा धोका

शेजारणीने सांगितलं, दुकानदाराने दिलं, आणि आठ दिवसांत चेहरा उजळला! अशा मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. सुरुवातीला रंग उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, काहींच्या चेहऱ्यावर लव वाढते. मलम थांबवलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते आणि चक्रात अडकते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं. तरी ती सर्रास मिळतात. काही बेकायदा क्रीममध्ये पारा सापडतो. तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करू शकतो. ज्या डब्यावर घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक नाही, तो घेऊच नका.

घरगुती उपायांतही सावध राहा. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, कारण लिंबातली काही द्रव्यं उन्हात त्रासदायक ठरतात. टिकलीच्या जागी पांढरा डाग दिसू लागला तर टिकली लावणं लगेच थांबवा. काही टिकल्यांच्या डिंकातलं रसायन त्वचेचा रंग घालवतं. आणि अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा बधिर असेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात त्यावर मोफत औषध मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. लाजून लपवू नका.

वर्गात काय करता येईल?

पाचवी ते आठवीच्या मुलांना एक मीटरची काठी मैदानात उभी रोवायला सांगा. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत दर तासाला सावली मोजून तक्ता करा. सावली एक मीटरपेक्षा कमी कोणत्या तासांत होती हे मुलं स्वतः शोधतील. मग कवायत आणि खेळाचे तास त्यानुसार सकाळी किंवा सायंकाळी ठेवता येतात का, यावर शाळेत चर्चा करा. भूगोल, गणित आणि आरोग्य असे तिन्ही विषय एकत्र होतात.

पालकहो, पुढच्या वेळी लेक खेळायला निघाली की "काळी पडशील" म्हणण्याऐवजी "टोपी घाल आणि पाण्याची बाटली घे" एवढंच म्हणा. ती खेळेलही, आणि आपल्या रंगाची लाज न बाळगता आपली त्वचा जपायलाही शिकेल.