मापाच्या पाण्यावरचा संसार

गाव वाशी म्हटले, की समोरचा माणूस हमखास विचारतो, 'म्हणजे खाडीपलीकडची ना?' नव्हे. ती नवी मुंबईतली. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या माळावरची. इथून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर. ज्वारी, सोयाबीन आणि टँकर यांच्या हिशेबात आमचे वर्ष सरते. अशा गावच्या माणसाने शिडाच्या होडीवरच्या संसाराबद्दल लिहावे, हा आगाऊपणा वाटेल. पण माझी पुतणी बारावीत आहे, एनडीएची परीक्षा द्यायची म्हणते, आणि तीही नौदलासाठी. २०२२ पासून खडकवासल्याला मुलींनाही प्रवेश आहे, त्यामुळे 'मुलींना घेत नाहीत' ही आमची हुकमी सबब गेली. तेव्हा हे खूळ आहे तरी काय, म्हणून काका या नात्याने मी वाचायला बसलो.

पहिलाच धक्का सुखाचा होता. भारतीयाने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतला व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते राहत होते कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी! म्हणजे आमच्यासारख्याच कोरड्या मुलखात. त्यांच्या या ध्यासातून गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास चढवून 'म्हादेई' बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे व केपटाऊन अशा चार थांब्यांनिशी मे २०१० मध्ये परतले. पुढे 'तारिणी' या तशाच होडीवर सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा केली. त्यांना शिकवणाऱ्यांत दोंदेही होते.

हे सारे मी आईला वाचून दाखवत होतो. तिने वादळाबद्दल काही विचारले नाही. तिने विचारले, ''आन् प्यायला पानी कुटून आनत्यात?''

प्रश्न बिनतोड होता. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. ते प्यायले तर तहान वाढते, भागत नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या होडीवर गोड्या पाण्याच्या टाक्या असतात. पुष्कळदा समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्रही असते. हे यंत्र खारे पाणी हवेच्या दाबाच्या पन्नासपट वा त्याहून अधिक दाबाने एका पातळ पडद्यातून ढकलते. पण पडद्याला तेल लागले किंवा पंप बसला, की यंत्र गप्प. त्यामुळे शहाणा खलाशी टाकीतले पाणी यंत्र चालू असतानाही मोजूनच वापरतो. टाक्याही शक्यतो एकाहून अधिक ठेवतो, म्हणजे एक नासली तरी दुसरी वाचते. बटाटे समुद्राच्या पाण्याने धुवायचे, भांडीही त्याच पाण्याने घासायची, गोडे पाणी फक्त शेवटच्या विसळणीला. भाताच्या पाण्यात थोडे खारे मिसळले, की वेगळे मीठ नको. पाऊस आला, की शिडावरून ओघळणारे पहिले खारट पाणी सोडून द्यायचे आणि मग बादली लावायची.

आई हसली. ''ह्यात काय नवं सांगितलंस? पागोळीखाली घागर लावताना पैलं पानी आपुन सोडतोच की.''

खरेच होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे झाडांना जात होते.

मात्र होडीवरचे खरे काम पाण्याचे नाही, मिठाचे आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून खाऱ्या पाण्यात धुतलेला सदरा कधी पुरता वाळत नाही. तेच मीठ विजेच्या जोडांत शिरते, कप्प्यांत साचते, बिजागऱ्या खाते. पाण्याखालच्या धातूच्या भागांना मुद्दाम जस्ताचे तुकडे जोडतात. खाऱ्या पाण्यात आधी जस्त झिजते, त्यामुळे बाकीचे धातू वाचतात. घरातल्या थोरल्या सुनेसारखे आहे हे जस्त! बुडाला शिंपल्यांसारखे जीव चिकटून वेग खातात, म्हणून तिथे खास रंग, आणि तरीही अधूनमधून खरवडणे आलेच. दोर जिथे घासतो तिथेच तुटतो, म्हणून रोज फेरी मारून प्रत्येक दोरावरून हात फिरवायचा. शीड उसवले तर जाड सुई घ्यायची आणि तळहातावर चामड्याचा पट्टा बांधून शिवत बसायचे. स्वयंपाकाची शेगडी झुलती, नाहीतर आमटी भिंतीवर.

आणि एवढे करूनही मोडायचे ते मोडतेच. 'तारिणी'च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला तेव्हा परतीच्या वाटेवर तिला मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावे लागले. अभिलाष टॉमींची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेत मोडली, पाठीला जबर इजा झाली, आणि मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. तेच टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. वाऱ्यावर चालणारे सुकाणू दुरुस्त करायला या वेळी त्यांनी शौचालयाचा दरवाजाही कापून वापरला. आमच्याकडे नांगराला बाजेचा पाय लावणारे आजोबा असते, तर त्यांनी टॉमींना कडकडून मिठी मारली असती.

मला भीती वाटली ती मात्र दुसऱ्याच मजकुराची. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. वाटेत त्या 'पॉइंट निमो'वरून गेल्या. जमिनीपासून सर्वांत दूरचा हा बिंदू. सर्वांत जवळचा किनारा तिथून अडीच हजार किलोमीटरहून लांब आहे. अवकाशस्थानकातली माणसे डोक्यावरून जातात तेव्हा तीच सर्वांत जवळची! आमच्या बोअरची मोटार जळाली, तर मेकॅनिक दोन दिवसांनी का होईना, येतो. तिथे एक झोपली असताना काही बिघडले, तर जागी असलेलीनेच बघायचे.

हे मी पुतणीला वाचून दाखवले, थोडे घाबरवण्यासाठीच. ती म्हणाली, ''काका, मग आत्तापासूनच शिकायला पाहिजे.'' सध्या ती दर रविवारी मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसते. शेजारी आई उभी असते आणि दर पाच मिनिटांनी विचारते, ''पोरी, लाइट बंद केलीस न्हवं?''