नळ कोणाच्या दारीं जातो?

पावसाचें पाणी फुकट मिळतें. परंतु तेंच पाणी शुद्ध होऊन घरांतील हंड्यांत पडावें आणि सांडपाणी वस्तीपासून दूर जावें, यासाठीं नळ, पंप व गटारें लागतात, व त्या सर्वांस द्रव्य लागतें. हें काम सरकारनें करावें कीं खासगी कंपनीनें, हा वाद अनेक देशांत झाला आहे. दक्षिण अमेरिकेंतील दोन शहरांच्या अनुभवावरून आपण त्याचा विचार करूं.

अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनॉस आयर्स येथील पाणी व सांडपाण्याची व्यवस्था १९९३ सालीं एका खासगी कंपनीकडे ३० वर्षांच्या करारानें सोंपविण्यांत आली. त्या दशकांत तेथील इतरही कित्येक नगरांनीं हाच मार्ग धरला. पुढें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, अशा नगरांत बालमृत्यूंचें प्रमाण सुमारें ८ टक्क्यांनीं, व अतिशय गरीब नगरांत सुमारें २६ टक्क्यांनीं घटलें. नळ नव्या वस्त्यांत गेले, म्हणून दूषित पाण्यापासून होणारे रोग कमी झाले.

परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राजधानींत आरंभीं नवा नळ घेणाऱ्या कुटुंबावरच जोडणीचा मोठा खर्च लादला होता. गरिबांस तो झेपेना. तेव्हां १९९७ सालीं करार बदलून तो भार सर्व ग्राहकांवर थोडाथोडा वांटण्यांत आला. पुढें देशावर आर्थिक संकट आलें, दर गोठविले गेले, आणि २००६ सालीं करार रद्द होऊन कारभार सरकारी कंपनीकडे गेला.

बोलिव्हियांतील कोचाबांबा शहराची कथा याहून दुःखद आहे. तेथें १९९९ सालीं ४० वर्षांचा करार झाला. एका मोठ्या धरणाच्या योजनेचा खर्चही पाणीपट्टींत घातल्यामुळें २००० सालच्या आरंभीं कित्येकांचीं बिलें एकदम फुगलीं. लोकांनीं स्वकष्टानें खोदलेल्या विहिरीही हातच्या जातील, अशी धास्ती पसरली. मोठें आंदोलन झालें. त्यांत १७ वर्षांचा एक मुलगा गोळीस बळी पडला. एप्रिल महिन्यांत करार रद्द झाला. तथापि त्यानंतरही दक्षिणेकडील गरीब वस्त्यांत वर्षानुवर्षें नळ पोंचला नाहीं, व तेथील लोक टँकरचें महाग पाणी घेत राहिले. ज्याच्या दारीं नळ नाहीं, त्यालाच हंड्यामागें अधिक पैसे मोजावे लागतात, हा केवढा अन्याय!

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, मालक खासगी कीं सरकारी, एवढ्यानेंच गरिबाच्या घरचा प्रश्न सुटत नाहीं. पहिल्या जोडणीचा खर्च कोणी सोसावा, दर कोणी ठरवावा, आणि शेवटच्या वस्तीपर्यंत नळ न गेल्यास जाब कोणास विचारावा, हें करारांत काय लिहिलें आहे त्यावर सर्व अवलंबून असतें.

हा प्रश्न केवळ परदेशचा नाहीं. आपल्या नागपूर शहराचा पाणीपुरवठाही २०१२ सालीं २५ वर्षांच्या करारानें खासगी कंपनीकडे सोंपविण्यांत आला. म्हणून पालकांनीं व उद्यांच्या नागरिकांनीं आपल्या गांवीं असा करार होऊं लागल्यास दरापूर्वीं एक गोष्ट अवश्य विचारावी: गांवाच्या टोंकाच्या झोंपडींत पाणी केव्हां येणार, आणि तें कोणाच्या खर्चानें?