‘भरा’चं ‘मरा’ होऊ नये म्हणून: गोष्ट बलू फॉन्टची

समजा, फोनवर पोस्टर करताय. ‘फॉर्म भरा’ असं लिहिलंत आणि उठून दिसावं म्हणून बोल्डचं बटण दाबलंत. आता फोन जरा लांब धरून वाचा. ‘फॉर्म मरा’ दिसतंय का?

असं का होतं? भ आणि म, ध आणि घ यांच्यात फरक तो किती! वरच्या रेषेतली एक फट आणि एक छोटी गाठ. फॉन्टमध्ये खरा बोल्ड नसेल, तर ॲप साध्या अक्षरालाच फुगवतं. मग फट बुजते, गाठ भरते आणि अर्थ बदलतो.

म्हणून मुळातच जाड काढलेला फॉन्ट हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’चा बलू तसाच आहे: गुबगुबीत, गोलसर टोकांचा, तरी आतल्या मोकळ्या जागा सांभाळणारा. त्याची भावंडं इतर भारतीय लिप्यांतही आहेत, आणि नावंही घरातलीच! गुजरातीत बलू भाई, गुरुमुखीत बलू पाजी, बंगालीत बलू दा. पुढे आलेल्या ‘बलू 2’मध्ये रेग्युलर ते एक्स्ट्रा बोल्ड अशा 5 जाडी मिळतात. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट आहे.

वापरायचा कुठे? थंबनेल, पोस्टर, दुकानाची पाटी. जिथे चार-पाच शब्दच असतात तिथे. अख्खा परिच्छेद मात्र यात नको, वाचताना डोळे दमतात.

आणि ग्रुपवर टाकण्याआधी फोन हातभर लांब धरून एकदा वाचाच. भ हा भ दिसतोय ना?