ऑक्सिरिंकस येथील ग्रीक प्रहसन व त्यांतील कानडीचा प्रश्न

इजिप्तमधील ऑक्सिरिंकस (हल्लींचें बेहनसा) येथील उकिरड्यांतून ग्रेनफेल व हंट ह्या दोघां इंग्रज पंडितांनीं जे असंख्य पपायरस-लेख बाहेर काढले, त्यांपैकीं ४१३ क्रमांकाचा लेख आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या अभ्यासकांनीं पाहण्याजोगा आहे. तो त्यांच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडांत १९०३ सालीं छापला गेला. मूळ पत्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. अक्षरवटिकेवरून तो इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील, म्हणजे इजिप्त हा रोमन साम्राज्याचा प्रांत असतांनाचा, मानितात. त्यांत एक प्रहसन आहे, त्याचें स्थळ हिंदुस्थानचा समुद्रकिनारा आहे, आणि त्यांतील परकीय संवाद कानडी आहेत असें प्रतिपादन १९०४ पासून चालत आलें आहे. तें कितपत ग्राह्य धरावें, एवढाच आमचा येथें प्रश्न आहे.

प्लॉटस व टेरेन्स ह्यांचीं नाटकें रोमन साम्राज्यकालांत पाठशाळांतून वाचलीं जात. रंगभूमीवर मात्र ‘माइम’ नांवाच्या प्रकाराचें प्राबल्य होतें. ह्यांत मुखवटे नसत, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत, आणि ग्राम्यपणास धरबंध नसे. असल्या खेळांच्या संहिता कोणी ग्रंथ म्हणून जपल्या नाहींत. म्हणूनच हें पत्र मोलाचें.

कथानक थोडक्यांत असें. खरितिऑन नांवाची ग्रीक युवति हिंदुस्थानांतील एका राजाच्या हातीं सांपडली असून चंद्रदेवतेच्या मंदिरांत राहते. तिचा भाऊ जहाज घेऊन तिला सोडवावयास येतो. बरोबर एक विदूषक आहे. शत्रूंवर तो जें अस्त्र सोडतो तें अधोवायूचें! देवीचें द्रव्य पळवूं, असें तो सुचवितो, तेव्हां खरितिऑन त्याला दटावते. शेवटीं राजाला व त्याच्या लोकांना पाणी न मिसळलेलें मद्य पाजून धुंद करितात, राजाला बांधून टाकितात आणि सर्वजण जहाजावर चढतात. युरिपिडीझच्या ‘टॉरिसमधील इफिजेनिया’ ह्या नाटकाचें हें उघड विडंबन होय.

पत्राची ठेवणहि लक्षांत घेण्यासारखी आहे. पात्रांचीं नांवें न लिहितां आल्फा, बीटा अशा अक्षरांनीं तीं दर्शविलीं आहेत. मधून मधून ढोल वाजविण्याच्या खुणा आहेत. पाठीमागच्या बाजूस दुसरें एक प्रहसन असून, शिवाय ह्याच नाटकांतील एका प्रवेशाचा काहीं भाग फिरवून पुन्हां लिहिला आहे. ही प्रत एखाद्या नाटकमंडळीच्या नित्य वापरांतील असावी. ज्यांनीं शाहिरांचीं बाडें चाळलीं आहेत, त्यांस असल्या दुरुस्त्या अपरिचित नसतील.

आतां भाषेकडे वळूं. राजा व त्याचे लोक जें बोलतात तें ग्रीक अक्षरांत लिहिलें आहे, पण ग्रीक नव्हे. मद्यपानाच्या प्रवेशांत ‘बेरे’, ‘कोन्झेइ’, ‘पेत्रेकिओ’ असे ध्वनि येतात. दक्षिणेंतील शिलालेखांचे प्रख्यात संपादक हुल्ट्श ह्यांनीं १९०४ सालीं त्यांत कानडी ‘बेरे’ (वेगळें), ‘कोंच’ (थोडें), ‘पात्रक्के’ (पात्रांत) हे शब्द पाहिले. प्रसंग मद्याचा असल्यानें अर्थ जुळल्यासारखा दिसतो, आणि प्रथम वाचतांना आम्हांसहि मोह पडला. पुढें कर्नाटकांतील विद्वानांनीं ही वाट पुष्कळ रुंद केली; स्थळ उडुपीजवळचें मलपे, असेंहि सांगण्यांत आलें; काहींना तर त्यांत तुळु दिसली. उलट बार्नेट ह्यांनीं १९२६ सालीं हें सर्व नाकारिलें.

आम्हीं बार्नेटच्या बाजूस झुकतों. लेखांत परकीय शब्द तोडून लिहिलेले नाहींत. ते कोठें तोडावे हें वाचणारा ठरवितो. ‘दामुन’ ह्यापासून ‘मधु’ काढावयाचें तर अक्षरांची उलटापालट करावी लागते. तुलनेस दुसऱ्या शतकांतील कानडीचें एकहि वाक्य नाहीं. प्रसिद्ध हळमिडी शिलालेख पांचव्या शतकांतला. सारांश, पुढच्या काळचीं रूपें मागें ओढावीं लागतात. आपली भाषा शोधावयास निघालेल्यास ती सांपडतेच.

ह्याची कसोटी रोमन रंगभूमीवरच मिळते. प्लॉटसच्या ‘पोएनुलस’ नाटकांत कार्थेजचा हॅनो स्वभाषेंत, म्हणजे प्यूनिकमध्यें, बोलतो. लेखकांना ती भाषा येत नसल्यानें हस्तलिखितांत तिची फार मोडतोड झाली आहे. तरी ती खरी प्यूनिक हें निर्विवाद, कारण त्या भाषेचे शिलालेख उपलब्ध आहेत, हिब्रू तिची भगिनी आहे, आणि त्याच भाषणाचें लॅटिन रूप लगेच खालीं दिलेलें आहे. आमच्या पपायरसांत एखाददुसरें ठिकाण सोडल्यास अर्थ सांगणारें कोणी नाहीं. उलट, ॲरिस्टोफेनीझनें इ. स. पू. ४२५ मध्यें आपल्या ‘अकार्निअन्स’ नाटकांत इराणी वकिलाच्या तोंडीं घातलेली भाषा बव्हंशीं हास्योत्पादक बडबड दिसते. तेव्हां एखादा खरा शब्द खलाशांकडून आला असेल. सबंध संवाद कानडी म्हणणें मात्र धाडसाचें.

मग पत्र आम्हांस निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक व्यापाऱ्याचा ग्रंथ भडोच, कल्याण व चौल ह्या बंदरांचीं नांवें देतो. भडोचास उतरणाऱ्या मालांत इटलीचें मद्य आहे, आणि तेथील राजासाठीं गाणारे मुलगे व अंतःपुराकरितां सुंदर मुली आणीत असें तो लिहितो. प्रहसनांतील बंदिवान युवति व अनोळखी मद्य ह्यांमागें असा खराखुरा व्यापार होता. कल्याणास चुकून शिरलेलें ग्रीक जहाज तर पहाऱ्यांत भडोचास नेलें जाई, असेंहि त्यानें नोंदविलें आहे. खरितिऑनच्या सुटकेवर हंसणाऱ्या प्रेक्षकांत असा प्रसंग ऐकून असलेला एखादा खलाशी बसला असणें अशक्य नव्हे.