आसुडाचा आवाज

खेडेगावात वाढलेल्या जुन्या पिढीस आसुडाचा कडकडाट परिचयाचा होता. बैलगाडी हाकणारा गाडीवान, विहिरीच्या धावेवर बैल पुढे-मागे नेणारा मोटकरी आणि मरीआईच्या नावाने दारी येणारा पोतराज, या सर्वांच्या हाती आसूड दिसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथास ‘शेतकऱ्याचा असूड’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कोणत्याही वाचकास समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आसूड कशावर तरी आदळतो म्हणून आवाज होतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. कसलेला गाडीवान आसूड बैलाच्या पाठीवर, मोकळ्या हवेत वाजवितो. त्याचे टोक कशासही शिवत नाही. मग आवाज येतो कोठून? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास शास्त्रज्ञांस बराच काळ लागला. हा आवाज घडवून आणणारी रचना मात्र आसूड करणाऱ्या कारागिरांच्या हातांत त्यापूर्वी कित्येक पिढ्या होती.

ध्वनीच्या वेगापलीकडे

सामान्य तापमानात ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने प्रवास करतो. एखादी वस्तू याहून अधिक वेगाने जाऊ लागली की तिच्या पुढील हवेस बाजूला होण्यास अवसर मिळत नाही. हवा एकदम दाबली जाते आणि आघात-तरंग निर्माण होतो. हा तरंग कानापर्यंत पोहोचला की स्फोटासारखा आवाज ऐकू येतो. मनुष्यास घेऊन ध्वनीहून अधिक वेगाने सरळ उड्डाण करणारे पहिले विमान १४ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकेत उडाले. परंतु माणसाने आपल्या हाताच्या बळावर ध्वनीचा वेग त्याच्या फार पूर्वी ओलांडला होता. ते साधन म्हणजे आसूड होय.

आसुडाचे टोक ध्वनीहून वेगाने जात असावे, अशी कल्पना जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लुमर यांनी १९०५ साली मांडली. १९२७ मध्ये फ्रान्समधील झेफिरँ कारिएर यांनी छायाचित्रणाच्या साहाय्याने आघात-तरंग प्रत्यक्ष टिपला. १९५८ साली अमेरिकेतील बर्नस्टाइन, हॉल व ट्रेंट या तिघांनी आसुडाच्या गतीचे गणित मांडून ते प्रयोगाशी ताडून पाहिले. तरीही एक कोडे उरलेच. १९९८ मध्ये जर्मनीत घेतलेल्या अतिजलद छायाचित्रांत असे दिसले की, आवाज निघतो त्या क्षणी टोकाचा वेग ध्वनीच्या सुमारे दुप्पट असतो. ध्वनीचा वेग ओलांडताच आवाज का होत नाही? २००२ साली आलँ गोरिएली व टायलर मॅकमिलेन यांनी याचा उलगडा केला. आवाज निर्माण करते ती आसुडावरून धावत जाणारी वाकण. ती वाकण ध्वनीच्या वेगास पोहोचते तेव्हा आवाज फुटतो. त्या वेळी टोकाचा भाग तिच्या दुप्पट वेगाने फिरत असतो.

निमुळतेपणाचे रहस्य

मनुष्याचा हात सेकंदाला काही मीटर एवढ्याच वेगाने फिरतो. मग टोकास एवढा प्रचंड वेग कसा येतो? याचे कारण आसुडाच्या आकारात आहे. आसूड मुठीजवळ जाड आणि टोकाकडे क्रमाक्रमाने बारीक होत गेलेला असतो. हाताच्या झटक्याने मुठीजवळ जी वाकण तयार होते, ती आसुडाच्या लांबीवरून पुढे सरकत जाते. हाताने दिलेली ऊर्जा त्या वाकणीबरोबर पुढे जाते. पण पुढचा प्रत्येक भाग मागच्याहून हलका असतो. तीच ऊर्जा कमी वजनाच्या भागास मिळाली म्हणजे त्याचा वेग वाढतो.

याचा हिशेब सोपा आहे. जाडी निम्मी झाली की छेदाचे क्षेत्रफळ, आणि म्हणून दर लांबीमागील वजन, एक-चतुर्थांश होते. वजन एक-चतुर्थांश झाले असता तेवढ्याच ऊर्जेने वेग दुप्पट होतो. मुठीजवळ २० मिलिमीटर जाड असलेला आसूड टोकाशी २ मिलिमीटर झाला, तर वेग दसपट व्हावयास हवा. हा हिशेब आदर्श स्थितीचा आहे. प्रत्यक्षात हवेचा रोध आणि कातड्यातील घर्षण काही ऊर्जा खाऊन टाकतात. म्हणूनच कारागिराचे सारे कौशल्य या निमुळतेपणात कोठेही खंड पडू न देण्यात असते. मध्येच एखादी गाठ, फुगवटा किंवा सैल पीळ राहिला, तर वाकण तेथे अडखळते, ऊर्जा वाया जाते आणि आसूड मुका राहतो.

कातडे, वादी आणि वेणी

आसुडाचे काम कातड्याच्या निवडीपासून सुरू होते. कच्चे कातडे ओले असता कुजते आणि वाळले असता लाकडासारखे कडक होते. महाराष्ट्रात परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमावीत. या वनस्पतींतील टॅनिन हे द्रव्य कातड्यातील कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंशी बांधले जाते. त्यायोगे कातडे कुजत नाही, घट्ट राहते आणि तेल किंवा चरबी लावली असता लवचीकही होते. जुन्या गावगाड्यात कातडे कमावण्याचे काम ढोर समाजाकडे, कातड्याच्या वस्तू शिवण्याचे चांभारांकडे आणि दोर वळण्याचे मांगांकडे असे. शेतीची सारी ओढ या तिघांच्या कष्टांवर चाले. त्या मानाने त्यांना मिळालेला मान मात्र फार थोडा होता.

कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीचे कातडे दाट व मजबूत असते. पोटाचे सैल असून ओढले की ताणते. वेणीसाठी पाठीकडचा भाग घेतात. त्यातून कडेने गोलाकार कापीत आत गेले म्हणजे बिनजोड लांब वादी मिळते. ही वादी प्रथम ओढून तिच्यातील ताण काढून टाकावा लागतो; नाहीतर आसूड वापरात लांबतो आणि वेणी सैल पडते. नंतर वादीची रुंदी पुन्हा नीट कापून ती टोकाकडे अरुंद करतात आणि कडा तासतात, म्हणजे वेणीचे पेड एकमेकांवर नीट बसतात.

उत्तम आसूड आतून पोकळ नसतो. मध्ये निमुळता गाभा, त्यावर आतली वेणी आणि त्यावर बाहेरची वेणी अशी त्याची घडण असते. बारा पेडांनी आरंभलेली वेणी पुढे दहा, आठ, सहा व शेवटी चार पेडांवर येते. कमी केलेले पेड आत दडवून टाकतात. प्रत्येक पेड सारख्याच जोराने ओढावा लागतो. ही सारखी ओढ साधण्यास कारागिरास वर्षे लागतात. विणून झालेला आसूड दोन फळ्यांमध्ये लाटून गोल करतात. शेवटी एकेरी वादी आणि तिच्या टोकास पिळलेल्या दोऱ्याचा गोंडा बांधतात. वेगाचा सर्व मारा हा गोंडा सोसतो. तो झिजला की बदलतात, आणि वेणी सुरक्षित राहते.

ऑस्ट्रेलियातील गुराखी यासाठी कांगारूचे कातडे पसंत करतात. त्यातील तंतू पृष्ठभागास समांतर असल्यामुळे ते पातळ कापले तरी मजबूत राहते. अमेरिकेतील गुराख्यांच्या आसुडास बहुधा गाईबैलांचे कातडे लागते. आपल्याकडील गाडीवानाचा आसूड याहून साधा असतो. लाकडी दांडा, कातडी वेणी आणि दोऱ्याचे टोक एवढेच त्याचे भाग. पोतराजाचा आसूड तर दोराचाच असतो. सामग्री निरनिराळी असली तरी मुठीकडे जाड व टोकाकडे बारीक हा नियम सर्वत्र एकच आहे.

कान आणि पाठ

मनुष्यास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. गाईबैलांस सुमारे ३५,००० कंपनांपर्यंतचा ऐकू येतो. आसुडाचा कडकडाट अत्यंत अल्पकाळ टिकतो आणि त्यात उंच स्वर पुष्कळ असतात. बैलाच्या कानास तो सहज जाणवतो. म्हणून चांगल्या आसुडास बैलाच्या पाठीला शिवण्याची गरजच पडत नाही. उलट ज्याचा आसूड वाजत नाही, तो गाडीवान तो मारू लागतो किंवा आर लावलेली पराणी हाती घेतो. आरीचे व्रण आणि जोखडाचे घट्टे हे भारतीय कातड्यांतील जुने, सर्वश्रुत दोष आहेत. बैलास दिलेली इजा अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतरही कातड्यावर राहते आणि कारागिराचा माल हलका करते.

भारतात १९६० साली झालेल्या कायद्याने प्राण्यांस विनाकारण वेदना होतील अशी मारहाण करणे गुन्हा ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींस मान्यता दिली. मात्र बैलांचे क्लेश टाळण्यासाठी घातलेले नियम काटेकोरपणे पाळावेत अशी अट ठेवली.

कसबाचे पुढे काय

मोटेची जागा पंपाने आणि नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, तसा आसुडाचा उपयोग कमी होत गेला. नगरेही गावांवर पसरली. बेंगळूरचे एचएसआर लेआउट हे याचे एक उदाहरण. होसूर व सर्जापूर या गावांकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांवरून या वसाहतीस नाव मिळाले. अगरा हे जुने गाव व त्याचा तलाव तिच्या कडेस अद्याप आहेत. कन्नडमध्ये आसुडास ‘बारुकोल’ म्हणतात. बारु म्हणजे वादी आणि कोल म्हणजे काठी. शब्द भाषेत राहिला, पण तो उच्चारण्याचा प्रसंग त्या रस्त्यांवर आता क्वचितच येतो. महाराष्ट्रात पोळ्याच्या बाजारात कासरे, म्होरक्या व घुंगरमाळा यांच्या शेजारी आसूड अजूनही मांडलेले दिसतात. परंतु त्यांत नायलॉनच्या दोरीचे आसूड वाढत आहेत.

नायलॉन स्वस्त आहे, पाण्याने कुजत नाही, आणि नीट निमुळते विणले तर उत्तम वाजते. खरा धोका साहित्याच्या बदलाचा नाही. एकाच जाडीची दोरी दांड्यास बांधून तिला आसूड म्हणून विकले जाते, हा तो धोका आहे. अशी दोरी वाजत नाही. तिचा उपयोग केवळ मारण्यासाठी होतो. कारागिराच्या हातातील निमुळतेपणाचे ज्ञान लोपले, तर त्याची किंमत प्रथम बैलाच्या पाठीस द्यावी लागेल.